हवा आधी ब्रेकला, मग विंगला

ट्रॅकवर पळवायच्या पोलोला (फोक्सवॅगनची हॅचबॅक) विंग, म्हणजे गाडी मागून खाली दाबणारं पातं, कुठली लावू, असं विचारणारा फोन महिन्यातून एक-दोनदा येतोच. मी आधी विचारतो, "ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललंस?" पलीकडे थोडा वेळ कुणी बोलत नाही. पहिल्यांदा चेन्नईच्या रेस ट्रॅकवर गेलो तेव्हा मलाही या प्रश्नाचं उत्तर देता आलं नसतं.

माझी गाडी २०२० ची पोलो, १.० टीएसआय, सहा गिअरची मॅन्युअल, आपल्या चाकणला बनलेली. कंपनीच्या आकड्याने ११० पीएस. इंजिनाला मी अजून हात लावलेला नाही आणि इतक्यात लावणारही नाही. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात आमचं छोटं मशीन शॉप आहे, बाबांनी उभं केलेलं. दोन लेथ, एक मिलिंग, एक रेडियल ड्रिल. दिवसभर फाउंड्रीच्या कास्टिंगचं मशिनिंग चालतं, गाडीचं काम रात्री आठनंतर. कोल्हापूरवरून जाणारा ४८ नंबरचा हायवे बेळगाव, हुबळी, बंगळूर करत इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकजवळूनच चेन्नईत शिरतो. ट्रेलर जोडायचा आणि निघायचं.

तो ट्रॅक ३.७१७ किलोमीटरचा, १९९० पासूनचा. पहिल्या दोन लॅप छान गेल्या. तिसऱ्या लॅपला सरळ संपताना ब्रेकवर पाय ठेवला आणि पेडल थेट तळाला गेलं. सोडून परत दाबलं, अर्ध्यावर आलं. तिसऱ्यांदा दाबलं तेव्हा कुठे थोडा ब्रेक धरला. तोवर गाडी ट्रॅक सोडून मातीत गेली होती. फिरली आणि थांबली. कुणाला लागलं नाही. हेल्मेटमध्ये माझाच श्वास मला मोठ्याने ऐकू येत होता.

म्हणून मी सांगतो तो क्रम असा: केज (माणसाला वाचवणारा आतला पाइपांचा सांगाडा) आणि सीट, मग ब्रेक, मग ब्रेकला हवा, मग पुढचा स्प्लिटर (बंपरखालची आडवी सपाट फळी) आणि सगळ्यात शेवटी विंग. दिसायला विंग सगळ्यात भारी दिसते, म्हणून सगळे उलट्या टोकाने सुरुवात करतात.

केजबद्दल थोडक्यात. पाइप कोल्ड ड्रॉन सीमलेस, म्हणजे बिनजोडाचाच हवा. मोटर रेसिंगची जागतिक संस्था एफआयए, तिच्या नियमात मुख्य कमानीला ४५ मिमी व्यासाचा २.५ मिमी जाड किंवा ५० चा २ मिमी जाड पाइप आहे, बाकीच्या पाइपांना ३८ बाय २.५ किंवा ४० बाय २. फर्निचरचा ईआरडब्ल्यू (जोड वेल्ड केलेला) पाइप वापरून कुणी स्वस्तात केज करून देतो म्हणाला तर हात जोडून घरी या. वेल्डिंग ज्याने आधी केज केलेले आहेत त्याच्याकडूनच. केज, बकेट सीट, सहा पट्ट्यांचा बेल्ट आणि मानेला हान्स (धडकेत डोकं पुढे झटकू न देणारी चौकट) हे सगळं एकत्र बसवायचं. नुसता बेल्ट लावून बाकीचं मागे ठेवू नका.

ब्रेकचा हिशोब

आतलं सामान काढून, केज घालून, हेल्मेटसकट मी आत बसलो तेव्हा वजनकाट्यावर गाडी १,०६५ किलो भरली. ताशी १६० वरून ७० वर यायचं तर साडेआठशे किलोजूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. अडीच लिटर पाणी २० अंशांवरून उकळीला आणायला लागेल इतकी ही उष्णता आहे, आणि ती तीन सेकंदांत ब्रेकमध्ये शिरते. पुढे वजन जास्त, त्यात ब्रेक मारताना अजून पुढे येतं, म्हणून पाऊण वाटा पुढच्या दोन डिस्कवर. एकेका डिस्कला ३२० किलोजूल.

कंपनीची पुढची डिस्क मी काढून मोजली: व्यास २५६ मिमी, जाडी २२, वजन पाच किलोच्या आसपास. पाच किलो बीड एका ब्रेकिंगला १३० अंशांनी तापतं. एका लॅपमध्ये असे चार ब्रेक आले आणि मधे थंड व्हायला वेळ मिळाला नाही तर काय होणार, ते वेगळं सांगायला नको. त्या जागी पोलो जीटीआयच्या मापाची २८८ बाय २५ ची डिस्क बसवली. वजन सात किलो. तेवढ्याच उष्णतेला ती ९० अंशांनीच तापते. मोठ्या डिस्कचा खरा फायदा हा आहे. गाडी लवकर थांबते म्हणून लोक ती घेतात, पण थांबवणारा शेवटी टायर असतो. चाक लॉक करण्याइतका दाब कंपनीचा ब्रेकही देतो, पहिल्या लॅपला. दहाव्या लॅपला देतो का, हा प्रश्न आहे.

मोठी डिस्क म्हणजे पॅड मध्यापासून लांब जातो. माझ्याकडे पॅडच्या मध्याची त्रिज्या १०३ वरून ११९ मिमी झाली, म्हणजे तेवढ्याच दाबाला पुढचा ब्रेक १५ टक्के जास्त जोराचा. जुन्या-नव्या दोन्ही कॅलिपरचे (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) पिस्टन ५४ मिमीचेच निघाले, त्यामुळे पेडल लांब झालं नाही. हे आधी मोजून घ्या. जास्त पिस्टनचा दिसायला देखणा कॅलिपर आणला आणि पिस्टनचं एकूण क्षेत्रफळ वाढलं, तर पेडलमागचा ऑइल ढकलणारा तोच मास्टर सिलिंडर कमी पडतो आणि पेडल खोल जातं. मागे माझे अजून ड्रमच आहेत. पुढचा ब्रेक वाढला की मागचा वाटा कमी होतो, गाडी सरळ राहते पण मागचं टायर फुकट जातं. तेवढं मी मागच्या लायनरचं मटेरियल बदलून भरून काढलं. उलटं कधी करू नका. मागचा ब्रेक पुढच्यापेक्षा आधी लॉक झाला तर गाडी फिरते, आणि ती फिरायला सुरुवात होते वळणाच्या तोंडाशी, म्हणजे सावरायला जागाच नसते तिथे.

डिस्क घेताना भोकं पाडलेली घेऊ नका. ट्रॅकच्या उष्णतेत भोकाच्या कडेपासून चिरा निघतात. खाचा असलेली चालेल, साधी तर उत्तमच. आमच्याकडे रोज ग्रे आयर्नचा माल येतो म्हणून काही मित्र म्हणाले, डिस्क इथेच ओतून घे. ग्रे आयर्नमधली ग्राफाइटची पानं उष्णता वाहून नेतात म्हणून डिस्कला हेच बीड लागतं, हे खरं. पण कास्टिंगच्या पोटातली एक लपलेली पोकळी १६० च्या वेगाला काय करेल? पंप हाउसिंगमध्ये पोकळी निघाली तर पीस रिजेक्ट होतो, एवढंच. डिस्क मी नावाजलेल्या कंपनीची विकतच घेतो.

ऑइल आणि पॅड

पेडल गेलं की कारण शोधायची एक खूण पाठ करा. पेडल मऊ होऊन खोल गेलं तर ऑइल उकळलंय. पेडल दगडासारखं कडक आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅडने सोडलंय. दोन्हींना लोक ब्रेक फेल म्हणतात, औषध मात्र वेगळं.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. डॉट ४ (ब्रेक ऑइलची एक प्रत) च्या मानकात ताज्या ऑइलचा उकळबिंदू किमान २३० अंश, पाणी मुरल्यावर किमान १५५. डॉट ५.१ ला हेच आकडे २६० आणि १८०. आपल्या कोल्हापूरच्या पावसात चार महिने काढलेलं ऑइल आणि सीलबंद बाटलीतलं ऑइल यात केवढा फरक पडत असेल बघा. उकळलं की लाइनमध्ये वाफ होते, वाफ दाबली जाते आणि तुमचा पाय तळाला जातो. रेसिंगसाठीच्या ऑइलचा कोरडा उकळबिंदू ३०० च्या वर असतो. ते घ्या, आणि प्रत्येक ट्रॅक डेच्या आधी बदला. उघडलेली बाटली पुढच्या वेळेला ठेवू नका. डॉट ५ हे सिलिकॉनचं, वेगळ्याच जातीचं ऑइल आहे. आकडा मोठा दिसतो म्हणून ते घालू नका, एबीएसच्या गाडीत तर मुळीच नाही.

ब्रेकच्या लाइनमधली एअर काढायला दोन माणसं लागतात. माझ्याकडे आतेभाऊ पेडलवर बसतो. "दाब. धर. धरलास? सोडायचं नाही." मी चाकापाशी असलेला ऑइल सोडायचा निपल अर्धा आटा सैल करतो, पारदर्शक नळीतून ऑइल येतं, निपल बंद, मग "सोड". त्याने माझ्या आधी पाय उचलला तर हवा आत ओढली जाते आणि पुन्हा पहिल्यापासून. चाकांचा क्रम गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे घ्या. ऑइलच्या डब्यात पातळी खाली जाऊ द्यायची नाही. रबरी होजच्या जागी स्टील ब्रेडेड होज घातलेत. ते बसवल्यावर स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून आणि चाक लटकवून बघा, होज कुठे ताणला किंवा पिळला जात नाही ना.

पॅडचं सांगायचं तर रस्त्याचे बहुतेक पॅड ३५०-४०० अंशांपुढे सोडून देतात. ट्रॅकचा पॅड गार असताना ओरडतो, धूळ फार करतो, डिस्कही जास्त खातो. ते सोसायचं.

डायलची सुई

नवी डिस्क बसवली त्या रात्री ब्रेक मारताना पेडल थरथरतंय असं वाटलं. मी बाबांना म्हटलं, डिस्क वाकडी आली, परत पाठवू. बाबांनी हातातला चहा ठेवला. "आधी डायल लाव की."

मॅग्नेटिक स्टँड सस्पेन्शनच्या नकलला (हब धरणाऱ्या भागाला) चिकटवला, डायल गेजचं टोक डिस्कच्या बाहेरच्या कडेपासून दहा मिमी आत टेकवलं, चाकाचे बोल्ट वॉशर घालून आवळले आणि डिस्क सावकाश फिरवली. सुई शून्यावरून निघाली, ०.१२ पर्यंत गेली, परत आली. मिलिमीटरच्या शंभरातले बारा भाग. "आता काढ ती, आणि हब दाखव," बाबा म्हणाले. हबच्या, म्हणजे डिस्क ज्यावर बसते त्या भागाच्या, तोंडावर नखाएवढा गंजाचा पापुद्रा होता, डोळ्याला जेमतेम दिसेल एवढा. हबच्या तोंडावरचा पापुद्रा डिस्कच्या कडेला दुप्पट होऊन दिसतो. एमरी पेपरने हब चकाचक केला, डिस्कचं आतलं तोंड पुसलं, पुन्हा बसवली. सुई ०.०३. मी ०.०५ च्या वर डिस्क ठेवत नाही.

डिस्क वाकली, असं गॅरेजमध्ये सर्रास बोलतात. बहुतेक वेळा ती वाकलेली नसते. हबवर घाण असते, नाहीतर पॅडचं मटेरियल डिस्कवर एका जागी जास्त चिकटलेलं असतं. हे दुसरं टाळायला बेडिंग, म्हणजे नवा पॅड आणि डिस्क एकमेकांना बसवणं, नीट करा. ट्रॅकवर पहिल्या लॅपला १०० वरून ५० वर मध्यम दाबाने आठ-दहा वेळा यायचं, पूर्ण थांबायचं नाही. मग पाच-सहा वेळा जोरात. मग एक पूर्ण लॅप ब्रेक न वापरता हवा खाऊ द्यायची. पिटमध्ये आल्यावर पेडलवर पाय दाबून उभं राहू नका, हँडब्रेक ओढू नका, चाकाखाली ठोकळा लावा. डिस्कवर सगळीकडे सारखा निळसर-करडा थर आला की झालं. चाकांचे बोल्ट १२० न्यूटन मीटरला, टॉर्क रेंचने, आणि पहिल्या सेशननंतर चाकं गार झाल्यावर पुन्हा एकदा तपासून.

ब्रेकला हवा

बंपरच्या तोंडावर हवा आदळते तिथे दाब सगळ्यात जास्त असतो. हीच हवा रेडिएटरला हवी, इंटरकूलरला हवी, ब्रेकला हवी आणि स्प्लिटरलाही हवी. तिची वाटणी कशी करता यावर अर्धी गाडी ठरते.

फॉग लॅम्प काढा. त्या खाचेत ७५ मिमीची नळी सहज बसते. तिथून सिलिकॉन चढवलेल्या ग्लास फायबरच्या लवचीक होजने हवा चाकापर्यंत न्यायची. ड्रायरची किंवा चिमणीची अॅल्युमिनियम फॉइलची नळी नको, एका दिवसात फाटते. आता महत्त्वाची गोष्ट: हवा डिस्कच्या तोंडावर मारायची नाही. डिस्कच्या मधोमध, हबभोवती जी मोकळी जागा असते तिथे सोडायची. वेंटिलेटेड डिस्कच्या दोन थरांमधले पंख स्वतःच पंपासारखे हवा आतून ओढून बाहेर फेकतात, तुम्ही फक्त त्यांच्या तोंडाशी गार हवा आणून द्यायची. नुसती आतल्या बाजूवर हवा मारली तर एक तोंड गार, दुसरं तापलेलं, आणि डिस्क छत्रीसारखी उघडते. मग खरोखरच वाकते.

मी कंपनीचा धुळीचा पत्रा काढला आणि त्याच बोल्टवर बसेल अशी दीड मिमी अॅल्युमिनियमची प्लेट कापली. आधी पुठ्ठ्याचा नमुना करा, तीन-चार पुठ्ठे वाया जाऊ द्या. प्लेटला ६३ मिमीचा गळा वेल्ड केला आणि ७५ ची होज तिथे कमी करून जोडली. चाक पूर्ण वळवून, पूर्ण दाबून, पूर्ण लटकवून होज टायरला घासत नाही हे बघा. माझी पहिली होज टायरने एका लॅपमध्ये खाल्ली होती.

उपयोग झाला की नाही हे ताप सांगणाऱ्या रंगाने बघा. डिस्कच्या बाहेरच्या धारेवर तीन ठिपके द्यायचे: एक ४३० अंशांना बदलतो, एक ५६० ला, एक ६१० ला. हवेच्या नळीआधी माझे पहिले दोन्ही ठिपके बदलले होते आणि तिसरा कडेने बदलायला लागला होता. नळीनंतर त्याच ट्रॅकवर, तेवढ्याच लॅपनंतर, फक्त ४३० चा बदलला. त्या दिवशी वीस मिनिटांचं सेशन मी पहिल्यांदा पूर्ण चालवलं आणि शेवटच्या लॅपला पेडल जिथे पहिल्या लॅपला होतं तिथेच होतं. इंजिनात कितीही पैसे घातले असते तरी इतका आनंद झाला नसता.

विंगच्या आधी स्प्लिटर

इथे एक हिशोब करा म्हणजे मी विंग शेवटी का म्हणतो ते कळेल. हवेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. माझी विंग १.४ मीटर लांब, पात्याची रुंदी २५ सेंटीमीटर, मध्यम कोनात. हिशोबाने ताशी ६० ला ती ७ किलो दाबते, १२० ला २८, १६० ला ५१. आता ती मागच्या चाकांच्या ७० सेंटीमीटर मागे आहे आणि पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर अडीच मीटरच्या आत. सी-सॉ आठवा. विंगवर ५१ किलो पडले तर मागच्या चाकांवर ६५ पडतात आणि पुढच्या चाकांवरचे १४ उचलले जातात. फ्रंट व्हील ड्राइव्हची गाडी, स्टिअरिंगही पुढे, ओढही पुढे, आणि तुम्ही वेगाच्या वळणात पुढचीच चाकं हलकी करताय. गाडी नाक बाहेर काढून सरळ जायला बघते. म्हणून पुढचा दाब आधी तयार करायचा.

स्प्लिटरला १२ मिमीचा मरीन प्लाय सगळ्यात सोपा. आठ बाय चार फुटी शीट आमच्याकडे तीन-साडेतीन हजारांत मिळाली. कडेला, खासकरून खालच्या पुढच्या कडेला, रंध्याने गोलाई द्या, दोन हात इपॉक्सी मारा. बंपरच्या पुढे मी ६० मिमी काढलाय आणि मागे थेट पुढच्या अॅक्सलपर्यंत सपाट नेलाय. दिसतो तो पुढचा ओठ, पण कामाचा मोठा वाटा खालचा सपाट भाग करतो. गाडी आणि रस्ता यांच्या फटीतून हवा वेगाने धावते, दाब पडतो, नाक खाली ओढलं जातं. बंपर आणि प्लाय यांच्यात फट राहिली तर वरचा दाब खाली गळतो आणि सगळी मेहनत वाया. ही उभी भिंत मी साइनबोर्डवाल्याकडच्या ४ मिमी एसीपीच्या (अॅल्युमिनियम कॉम्पोझिट पॅनेल) तुकड्यांची केली आणि कडांना फोम भरला. रेडिएटरचं तोंडही चहूबाजूंनी फोमने बंद करा, आत आलेली हवा रेडिएटरमधूनच गेली पाहिजे.

स्प्लिटर प्लॅस्टिकच्या बंपरला लटकवू नका. मागे सबफ्रेमला आणि पुढे क्रॅश बीमला ब्रॅकेट, वर दोन आवळता येणारे रॉड. तपासायची पद्धत साधी आहे: त्यावर उभे राहा. मी ७२ किलोचा, उभा राहिलो, वाकला नाही. माझी जमिनीपासूनची उंची ९० मिमी आहे. ब्रेक मारल्यावर नाक किती बसतं हे कळायला शॉकच्या दांड्याला एक केबल टाय घट्ट बांधा. सेशननंतर तो जिथे ढकललेला सापडेल तिथपर्यंत सस्पेन्शन दाबलं गेलं. माझं ३५ मिमी बसलं, म्हणजे खाली ५५ उरले. त्याहून खाली आणलं तर कर्ब (ट्रॅकच्या कडेचा उंचवटा) घासतो आणि कर्बवर एका क्षणात दाब येतो-जातो, गाडी चमकते.

आता विंग

हॅचबॅकची अडचण अशी की छतावरून येणारी हवा मागे खाली वळते आणि काचेमागे नुसतं वावटळ असतं. आईकडून लाल लोकर घेतली, दहा-दहा सेंटीमीटरचे तुकडे छताच्या मागच्या भागावर, काचेवर आणि एका काठीला ओळीने टेपने चिकटवले आणि आतेभावाला शेजारच्या गाडीतून व्हिडिओ घ्यायला सांगितला. वेग ८० पुरे, जागा खाजगी. काचेवरचे धागे वेड्यासारखे नाचत होते, काही तर पुढे तोंड करून. छताच्या पातळीच्या वर काठीवरचे धागे दोरीत बांधल्यासारखे सरळ. धागे सरळ होते ती उंची विंगची. त्याखाली लावलेली विंग नुसती ओढ, म्हणजे गाडीला मागे खेचणारा हवेचा जोर, वाढवते.

मध्ये हवा छतावरून उतरत येते, दोन्ही टोकांना मात्र सरळ येते, म्हणून विंगच्या मध्यभागाला तुम्ही दिलेल्या कोनापेक्षा जास्तच कोन मिळतो. शून्य ते तीन अंशांवरून सुरुवात करा. फार उभी केली तर हवा पात्याच्या खालून सुटते, दाब जातो आणि ओढ राहते. कोन वाढवण्याआधी मागच्या काठाला ५-६ मिमी उंचीची एल पट्टी लावून बघा, थोड्या ओढीत बराच दाब मिळतो.

माउंटिंगला मी चुकलो होतो. डिकीच्या पत्र्यात भोकं पाडून साध्या वॉशरवर बोल्ट आवळले. एका दिवसाच्या ड्रायव्हिंगनंतर बोल्टभोवती रंगात केसाएवढ्या चिरा दिसल्या. विंग उडून मागच्या गाडीच्या काचेत गेली असती तर, हा विचार त्या रात्री झोपू देईना. आता आतून ३ मिमीच्या मोठ्या अॅल्युमिनियम प्लेट आहेत, बिजागरीजवळच्या दुमडलेल्या मजबूत भागापर्यंत नेलेल्या, उभे स्टँड ६ मिमी अॅल्युमिनियमचे, नट नायलॉकचे, थरथरीने न सुटणारे. डिकीचं लॉक आहेच, वर दोन पिना. सगळं झाल्यावर विंगवर सिमेंटची दोन पोती ठेवली, शंभर किलो, म्हणजे १६० च्या वेगाला येणाऱ्या दाबाच्या जवळपास दुप्पट. रात्रभर. सकाळी पोती उचलून पट्टीने मोजलं, विंग जिथल्या तिथे.

ट्रॅकवर एकावेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. ५०-६० च्या हळू वळणात गाडी नाक बाहेर काढत असेल तर विंगला हात लावू नका, तिथे ती सात किलोचीच आहे. टायरची हवा, कॅम्बर (चाकाचा आत-बाहेरचा कल), मागचा अँटिरोल बार (वळणात गाडी कलू न देणारी दांडी) बघा. वेगाच्या वळणात नाक बाहेर जात असेल तर विंगचा कोन एका अंशाने कमी. शेपूट हलकी वाटत असेल तर एका अंशाने जास्त. कोइम्बतूरच्या कारी ट्रॅकला, २.१ किलोमीटरच्या, मी विंग सपाटच ठेवतो. तिथे ब्रेकची कसोटी लागते. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट पाच किलोमीटरहून लांब आहे, लांबच लांब सरळ आहे, तिथे जाणाऱ्याने एकेका अंशाचा हिशोब ठेवावा.

ही गाडी रस्त्यावर चालवायची नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं हे एक. दुसरं म्हणजे घोट्याच्या उंचीला बाहेर आलेली प्लायची धार पायी चालणाऱ्या माणसासमोर न्यायची नसते. ट्रेलरचा खर्च पहिल्या दिवसापासून धरा.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी चाकं काढा. पॅडची जाडी चारही कोपऱ्यांवर मोजा, तिरका झिजला असेल तर कॅलिपरच्या स्लाइड पिना अडकल्यात, साफ करून ताजं ग्रीस लावा. डिस्कवर बोट फिरवा आणि टॉर्चच्या प्रकाशात तिरकं बघा. बारीक जाळीसारख्या रेषा चालतात. नखाला अडकणारी किंवा बाहेरच्या धारेपर्यंत पोहोचलेली चीर दिसली तर ती डिस्क त्याच क्षणी भंगारात टाका. कॅलिपरच्या पिस्टनभोवतीचं रबर कोळपलंय का बघा. स्प्लिटरचे रॉड, विंगचे नट, प्रत्येकावर पिवळ्या मार्करने रेघ मारून ठेवलेली असली की कुठला फिरलाय ते एका नजरेत कळतं. माझ्या गाडीवर अशा ३४ रेघा आहेत.